सुंता: ज्यू आणि ख्रिस्ती धर्मात तिचा अर्थ काय? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आमच्या बायबल वर्गात उत्पत्तीचा १७ वा अध्याय आला की वर्ग एकदम गप्प होतो. बायका खाली बघतात, पोरं एकमेकांना कोपर मारतात आणि वाचणारा भराभर उरकून १८ व्या अध्यायावर उडी मारतो. मग वर्ग सुटल्यावर जिन्यात एकेक जण हळूच येऊन विचारतो. बरीच वर्षं मी मराठी बायबल शिकवतोय, आणि ठाण्याला माझा एक बेने इस्रायल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू समाजातला, मित्र आहे ज्याच्या घरी मी हा विधी जवळून बघितलाय, म्हणून जिन्यातले ते सगळे प्रश्न इथे एकत्र लिहून काढले. लाजण्यासारखं यात खरंच काही नाही.

सुंता म्हणजे नक्की काय? आणि हा शब्द तर मुसलमानांचा ना?

पुरुषाच्या लिंगाच्या टोकावरची कातडी काढणं म्हणजे सुंता. शब्द अरबी 'सुन्नत'वरून मराठीत आला हे बरोबर, आणि मराठी बायबलमध्येही हाच शब्द आहे कारण आपल्याकडे दुसरा रुळलेला शब्दच नव्हता. हिब्रूत 'मिला' म्हणतात आणि पूर्ण विधीला 'ब्रित मिला', म्हणजे सुंतेचा करार. यातला 'ब्रित' म्हणजे करार हा शब्द लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

आपल्याकडे हा शब्द ऐकला की एकच समाज डोळ्यासमोर येतो आणि लोक तो शिवीसारखा वापरतात, त्याचं मला मनापासून वाईट वाटतं. मुसलमान, ज्यू आणि ख्रिस्ती तिघेही ज्याला बाप मानतात त्या अब्राहामाच्या घरातली ही गोष्ट आहे.

ज्यू लोक स्वच्छतेसाठी करतात ना?

नाही. हा सगळ्यात जास्त ऐकलेला गैरसमज. उत्पत्ती १७ मध्ये स्वच्छतेचा, रोगाचा, वाळवंटातल्या वाळूचा एक शब्दसुद्धा नाही. तिथे देव ९९ वर्षांच्या म्हाताऱ्याला सांगतो की तुझं नाव आता अब्राम नाही, अब्राहाम, तू अनेक राष्ट्रांचा बाप होशील, आणि या कराराची खूण तुमच्या देहात राहील. घरात जन्मलेला असो की पैसे देऊन आणलेला दास असो, प्रत्येक पुरुषाची सुंता करायची. आणि अब्राहामाने त्याच दिवशी स्वतःची केली, १३ वर्षांच्या इश्माएलची केली, घरातल्या सगळ्या पुरुषांची केली. त्या वयात, भूल नाही औषध नाही, विचार करा.

म्हणजे ही खूण आहे. करार कागदावर लिहिला तर कागद हरवतो, दगडावर कोरला तर दगड मागे राहतो आणि माणूस पुढे जातो. ही खूण माणसाबरोबर जाते. हिब्रूत करार 'करतात' असं म्हणत नाहीत, करार 'कापतात' म्हणतात, आणि दोनच अध्याय आधी अब्राम जनावरं दुभागून ठेवतो आणि त्या तुकड्यांमधून अग्नी जातो ते याच अर्थाने. कापल्याशिवाय करार नाही, ही त्या काळची भाषाच होती.

पण नेमकं तिथेच का? हातावर, कपाळावर खूण चालली नसती का?

वचन कशाबद्दल आहे ते बघा. जमीन आणि संतती. सारा म्हातारी झालेली, मूल नाही, आणि देव म्हणतोय तुझा वंश आकाशातल्या ताऱ्यांसारखा होईल. वंशाचं वचन आहे म्हणून खूण वंश जिथून चालतो तिथे. मला तरी हे उत्तर पटतं.

अजून एक गोष्ट मराठीत वाचताना सुटते. लेवीय १९ मध्ये झाड लावल्यावर पहिली तीन वर्षं त्याचं फळ खायचं नाही असं आहे, आणि हिब्रूत त्या फळाला चक्क 'बिनसुंतेचं' म्हटलंय. मोशे देवाला सांगतो की माझे ओठ बिनसुंतेचे आहेत, म्हणजे मला नीट बोलता येत नाही. यिर्मया संदेष्टा लोकांना म्हणतो तुमचे कान बिनसुंतेचे आहेत, म्हणजे ऐकूच येत नाही तुम्हाला. तेव्हा हिब्रू माणसाच्या मनात हा शब्द शरीराच्या एका भागापुरता नव्हताच. ज्याच्यावर आवरण आहे, जे बंद आहे, अजून देवासाठी उघडलेलं नाही, ते बिनसुंतेचं.

आठव्याच दिवशी का?

कारण उत्पत्तीत आणि लेवीय १२ मध्ये तसं लिहिलंय, आणि इसहाकाची तशी झाली. कारण मात्र शास्त्रात दिलेलं नाही. रब्बींनी, म्हणजे ज्यू धर्मगुरूंनी, पुढे बरीच कारणं काढली, त्यातलं मला आवडणारं हे की आठ दिवसांत एक शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, नक्की येतोच. शब्बाथ ही राणी, म्हणजे राजाला, देवाला, भेटण्याआधी बाळ राणीला भेटून येतं.

मोजणी आपल्या बारशासारखीच जन्मदिवस धरून. मंगळवारी दिवसा जन्म झाला तर पुढच्या मंगळवारी. फक्त ज्यू दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे मंगळवारी रात्री जन्मलेलं बाळ बुधवारचं धरतात. विधी दिवसाच करायचा, आणि शक्यतो सकाळी लवकर. आठवा दिवस शब्बाथला आला तरी पुढे ढकलत नाहीत, एरवी शब्बाथला काडी पेटवणंसुद्धा मना असताना. योहान ७ मध्ये येशू याच नियमाचा दाखला देतो, की शब्बाथ दिवशी तुम्ही माणसाची सुंता करता, मग मी अख्खा माणूस बरा केला तर रागावता का? सिझेरियनने झालेल्या बाळाची मात्र शब्बाथला करत नाहीत.

अब्राहामाच्या आधी कुणीच करत नव्हतं?

करत होते. प्राचीन इजिप्तमध्ये ही चाल होती, हेरोडोटसने लिहून ठेवलंय, आणि यिर्मया ९ मध्ये मिसर, अदोम, अम्मोन, मवाब यांचीही नावं येतात. म्हणजे चाल नवी नव्हती, अर्थ नवा होता. शेजारी होते पलिष्टी, ते करत नव्हते, म्हणून दावीद गल्याथाला तसं हिणवतो.

विधी प्रत्यक्षात कसा असतो?

मी बघितलेला सांगतो. सकाळी आठच्या सुमाराला मित्राच्या घरी हॉलमधलं सगळं सामान भिंतीला लावलेलं, दोन खुर्च्या शेजारी शेजारी, एकीवर जरीचं कापड. बाळाची आई आत खोलीत होती, आत्या बाळाला पांढऱ्या उशीवर घेऊन दारापर्यंत आली आणि तिथून हातोहात बाळ पुढे आलं. सगळे उभे राहिले आणि म्हणाले 'बारूख हबा', म्हणजे ये बाळा, तुझं स्वागत. हिब्रूत अक्षरांना आकड्यांची किंमत असते आणि 'हबा'ची बेरीज बरोबर आठ होते, हे माझ्या कानात मित्राच्या काकांनी सांगितलं, त्यांचा आनंद चेहऱ्यावर मावत नव्हता.

बाळाला आधी जरीच्या कापडाच्या खुर्चीवर क्षणभर ठेवलं, मग आजोबांच्या मांडीवर. ज्याच्या मांडीवर बाळ असतं त्याला सांदेक म्हणतात, हा मोठा मान असतो. करणारा तो मोहेल. बापाने आशीर्वचन म्हटलं, की याला आमचा पिता अब्राहाम याच्या करारात आणण्याची आज्ञा देवाने आम्हाला दिली. जमलेल्यांनी उत्तर दिलं, जसा हा करारात आला तसा तोरेकडे (म्हणजे देवाच्या नियमशास्त्राकडे), लग्नाच्या मांडवाकडे आणि सत्कर्मांकडे जावो. खरं सांगतो, कापणं अगदी थोड्या वेळात झालं, मी बाळाकडे बघतच नव्हतो, मी आजोबांच्या हातांकडे बघत होतो. दोन्ही हातांनी नातवाचे गुडघे धरलेले आणि बोटं पांढरी पडलेली. बाळ रडलं, द्राक्षरसात बुडवलेला कापसाचा बोळा तोंडात गेला आणि गप्प झालं.

मग नाव ठेवलं. नाव सांगताना यहेज्केलचं वचन म्हणतात, 'तुझ्या रक्तात तू जग', आणि ते दोनदा म्हणतात. तेव्हा आतल्या खोलीतून आईचा रडण्याचा आवाज आला. त्याआधी कुणी बाळाला नावाने हाक मारत नव्हतं.

ती जरीच्या कापडाची खुर्ची कुणाची?

एलीया संदेष्ट्याची. १ राजे १९ मध्ये एलीया थकून, वैतागून देवाकडे तक्रार करतो की इस्राएल लोकांनी तुझा करार सोडला, मी एकटाच उरलो. रब्बी सांगतात की देव म्हणाला ठीक आहे, तू म्हणतोस ना करार सोडला, मग यापुढे प्रत्येक सुंतेला तू स्वतः हजर राहायचं आणि डोळ्याने बघायचं. तेव्हापासून प्रत्येक ब्रितला त्याची खुर्ची.

इथे आपल्या मातीचा संबंध येतो. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना लोक शनवार तेली म्हणायचे कारण ते घाणा चालवायचे आणि शनिवारी बंद ठेवायचे, ते बाकी ज्यू जगापासून कित्येक शतकं तुटलेले होते. हिब्रू प्रार्थना विसरले, पोथ्या नव्हत्या. पण शनिवार पाळणं, खाण्याचे नियम, 'शेमा' ही एक प्रार्थना आणि आठव्या दिवसाची सुंता एवढं त्यांनी सोडलं नाही, आणि बाहेरून आलेल्या डेव्हिड राहबी नावाच्या ज्यू माणसाने त्यांना ओळखलं ते या खुणांवरूनच असं ते सांगतात. एलियाहू हन्नाबीवर, म्हणजे याच एलीया संदेष्ट्यावर, त्यांची केवढी श्रद्धा! अलिबागजवळ खंडाळ्याला एका खडकावर त्याच्या घोड्याच्या टापेची खूण आहे असं मानतात, तिथे नवस फेडायला आजही इस्राएलहून माणसं येतात. पोथी नाही, पुरोहित नाही, तरी करार टिकला तो आईबापांनी पिढ्यानपिढ्या आठवा दिवस मोजला म्हणून. या विषयावरची कितीतरी जाड पुस्तकं वाचून मला जे कळलं नाही ते या एका गोष्टीने कळलं.

बाळ आजारी असेल, कावीळ असेल तर?

थांबतात. जीव वाचवणं आधी. मोठ्या आजारातून उठल्यावर अजून सात दिवस जाऊ देतात. तालमूद या रब्बींच्या जुन्या ग्रंथात तर असं आहे की एका आईची दोन मुलं सुंतेनंतर दगावली तर तिसऱ्याची करायची नाही. रक्त न गोठण्याचा आजार घराण्यात असतो हे त्या लोकांनी, नाव माहीत नसताना, ओळखलं होतं.

मुलींचं काय? त्या करारात नाहीत?

आहेत. उत्पत्ती १७ मध्येच साराचं नाव बदललंय, आशीर्वाद तिलाही आहे, आणि वचन तिच्याच पोटातून पुढे जायचं आहे. तालमूदमध्ये एके ठिकाणी म्हटलंय की बाई सुंता झाल्यासारखीच धरली जाते. मुलींना कापण्याची आज्ञा ज्यू शास्त्रात नाही, ख्रिस्ती शास्त्रातही नाही, हे स्पष्ट सांगतो कारण लोक दोन्ही एकात मिसळतात. मुलीचं नाव ठेवायचा वेगळा समारंभ असतो.

सुंता झाली नाही तर तो माणूस ज्यू नाही?

ज्यूच. आई ज्यू तर मूल ज्यू, सुंता होवो न होवो. आज्ञा मोडली असं होतं, जन्म पुसला जात नाही. आणि बाहेरचा माणूस ज्यू होताना त्याची आधीच सुंता झालेली असेल, तर रक्ताचा एक थेंब काढतात. इथे कळतं की कातडी हा मुद्दाच नाही. ती तर आधीच गेलेली असते, तरी कराराचा थेंब लागतो.

देवाला हवंच होतं तर बाळ तसंच जन्माला का नाही घातलं?

हा प्रश्न जुना आहे. रोमन अधिकारी तुर्नुस रूफुस आणि रब्बी अकीवा यांची गोष्ट आहे. रूफुसने विचारलं, कुणाची करणी श्रेष्ठ, देवाची की माणसाची? अकीवा म्हणाला माणसाची, कारण पुढचा प्रश्न कुठला येणार हे त्याला ठाऊक होतं. मग त्याने एका हातात गव्हाच्या ओंब्या आणि दुसऱ्या हातात भाकऱ्या आणून दाखवल्या. ही देवाची करणी, ही माणसाची, कुठली बरी? आणि नाळेचं काय, ती आई कापतेच ना? देवाने जग अर्धवट ठेवलं ते माणसाने आज्ञा पाळून पुरं करावं म्हणून, असं अकीवाचं उत्तर.

'अंतःकरणाची सुंता' हे प्रेषित पौलाने काढलं ना?

नाही हो, हे मोशेचं आहे! अनुवाद १० बघा, 'आपल्या अंतःकरणाची सुंता करा', आणि ३० व्या अध्यायात देव म्हणतो मी स्वतः ती करीन. यिर्मयाही तेच ओरडून सांगतो. पौलाने रोमकरांस लिहिताना हेच उचललं. आमच्या काही प्रवचनांत ज्यूंना फक्त शरीर कळलं आणि आपल्याला आत्मा कळला असं सांगतात, ते चूक आहे आणि अन्यायाचंही. संदेष्ट्यांनी दोन्ही मागितलं होतं, देहावर खूण आणि आतही तीच.

या खुणेसाठी लोकांनी जीव दिला हे खरंय?

खरं आहे. इ. स. पू. १६७ च्या सुमाराला ग्रीक राजा अंत्युखस चौथा याने सुंतेवर बंदी घातली. मक्काबीच्या पहिल्या ग्रंथात लिहिलंय की ज्या आयांनी मुलांची सुंता केली त्यांना मारलं आणि बाळं त्यांच्याच गळ्यात टांगली. ते वाक्य मी वर्गात मोठ्याने कधी वाचू शकलेलो नाही. त्याच काळात काही ज्यू तरुण ग्रीक व्यायामशाळेत उघडं राहावं लागतं म्हणून खूण झाकून घ्यायचे. पुढे रोमन बादशहा अँटोनायनस पायस याने ज्यूंना स्वतःच्या मुलांची करायची मुभा दिली पण दुसऱ्या कुणाची केली तर गुन्हा. आणि दुसऱ्या महायुद्धात लपलेल्या ज्यू मुलांना नाझी लोक चड्डी उतरवून ओळखत. दोन हजारांहून जास्त वर्षांत ही खूण ज्यांच्या अंगावर होती त्यांना ती फार महाग पडली, हे माहीत असलं की आज ज्यू आईबाप 'नुसती एक प्रथा' म्हणून ती सोडून का देत नाहीत ते समजतं.

येशूची सुंता झाली होती?

हो, लूक २:२१, आठव्या दिवशी, आणि तेव्हाच त्याचं येशू हे नाव ठेवलं. बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचीही तशीच झाली, लूक १ मध्ये आहे. नाताळपासून मोजलं तर आठवा दिवस येतो १ जानेवारीला, आणि कॅथलिक चर्चमध्ये शेकडो वर्षं १ जानेवारी हा प्रभूच्या सुंतेचा सण होता. १९६९ च्या नव्या कॅलेंडरपासून तो दिवस देवमाता मरियेचा झाला, पण ऑर्थोडॉक्स आणि अँग्लिकन चर्चमध्ये अजून तो सण आहे. प्रभूचं रक्त पहिल्यांदा सांडलं ते या दिवशी, असं जुने लोक प्रवचनात सांगायचे.

मग ख्रिस्ती लोक का करत नाहीत?

इथे जरा वेळ द्या, कारण ख्रिस्ती धर्मातलं हे पहिलं मोठं भांडण आहे आणि ते पूर्णपणे ज्यू माणसांचं आपसातलं भांडण आहे. पहिले सगळे शिष्य ज्यू, सगळ्यांची सुंता झालेली. मग पेत्र कर्नेल्य नावाच्या रोमन शताधिपतीच्या घरी गेला, तिथे बिनसुंतेच्या लोकांवर पवित्र आत्मा उतरला, आणि पेत्राबरोबर आलेले ज्यू बांधव बघतच राहिले. अंत्युखिया शहरात तर परराष्ट्रीय, म्हणजे ज्यू नसलेले लोक, मोठ्या संख्येने येऊ लागले. यहूदियातून काही जण तिथे आले आणि म्हणाले, सुंता केल्याशिवाय तुमचं तारण होणार नाही.

यावर यरुशलेममध्ये सभा भरली, साधारण इ. स. ४९ च्या सुमाराला, प्रेषितांची कृत्ये १५. पेत्र बोलला, पौल आणि बर्णबा बोलले, शेवटी याकोबाने निकाल दिला की देवाकडे वळणाऱ्या परराष्ट्रीयांना त्रास देऊ नये. मूर्तीला वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म एवढं टाळावं. सुंतेचं नाव नाही. याचा अर्थ ज्यू ख्रिस्ती लोकांनी सोडावी असाही निघत नाही, ते करतच राहिले.

पौलाचा मुद्दा रोमकरांस ४ मध्ये आहे आणि तो अगदी साधा आहे. अब्राहामाचा विश्वास देवाने नीतिमत्व म्हणून धरला तो उत्पत्ती १५ मध्ये, सुंता आली १७ मध्ये. म्हणजे विश्वास आधी, शिक्का नंतर. मग शिक्का नसलेला पण विश्वास असलेला माणूसही अब्राहामाचं लेकरू. गलतीकरांस लिहिताना त्याचा राग अनावर झालाय, काही शब्द तर चर्चमध्ये वाचायला अवघड, पण त्याचं शेवटचं म्हणणं असं की ख्रिस्तात सुंता असणं किंवा नसणं दोन्हीचा उपयोग नाही, प्रेमातून काम करणारा विश्वास पाहिजे. दोन्हीचा! बिनसुंतेचं असण्याचाही गर्व नको, हे अर्धं वाक्य आमचे लोक विसरतात.

मग त्याच पौलाने तीमथ्याची सुंता का केली?

तीमथ्य हा पौलाचा तरुण सोबती. त्याची आई ज्यू होती, बाप ग्रीक. आई ज्यू म्हणजे तो ज्यूच धरला जाणार आणि ज्यू सभास्थानांत काम करायचं तर लोकांनी ऐकायला हवं, म्हणून केली. तीत नावाचा दुसरा सोबती पूर्ण ग्रीक, आणि काही जण त्याच्यावर तारणाची अट म्हणून लादायला बघत होते, तिथे पौल एक इंच हलला नाही. मला यात ढोंग दिसत नाही. माणसं जोडण्यासाठी चालेल, अट म्हणून चालणार नाही.

बाप्तिस्मा म्हणजे ख्रिस्ती सुंताच का?

कलस्सैकरांस २ मध्ये पौल दोन्ही शेजारी ठेवतो, हातांनी न केलेली सुंता आणि बाप्तिस्मा. म्हणून लहान बाळांना बाप्तिस्मा देणारी चर्चेस म्हणतात की ज्यू बाळ आठ दिवसांचं करारात येतं तर आमचं का नको. तिसऱ्या शतकात फिदुस नावाच्या बिशपने तर आठव्या दिवसापर्यंत थांबावं का असं विचारलं होतं, आणि कार्थेजच्या सिप्रियानने कळवलं की थांबायचं कारण नाही. बाप्टिस्ट वगैरे मंडळी हा दुवा मानत नाहीत, त्यांच्या मते आधी विश्वास हवा. आणि एक फरक मोठा आहे, बाप्तिस्मा मुलगा मुलगी दोघांनाही.

कुठलेच ख्रिस्ती सुंता करत नाहीत का?

करतात. इथिओपियाच्या ऑर्थोडॉक्स लोकांत तर आठव्या दिवशी करतात, इजिप्तच्या कॉप्टिक लोकांतही चाल आहे. १४४२ मध्ये फ्लोरेन्सच्या धर्मसभेने ख्रिस्ती माणसाने सुंता करूच नये असं फर्मान काढलं होतं. १५५५ मध्ये इथिओपियाचा राजा गलावदेवोस याने कॅथलिक मिशनऱ्यांना उत्तर दिलं की आम्ही ज्यूंसारखी धर्म म्हणून करत नाही, देशाची रीत म्हणून करतो, जसे न्युबियात चेहऱ्यावर व्रण करतात आणि हिंदुस्थानात कान टोचतात. आपले कान टोचणं एका इथिओपियन राजाच्या विश्वासपत्रात जाऊन बसलंय, मला हे वाचून कोण आनंद झाला होता. फिलिपिन्स कॅथलिक देश, तिथे जवळजवळ सगळ्या मुलांची होते, तीही रीत म्हणूनच. अमेरिकेत डॉक्टरी कारणाने पसरली. आपल्याकडच्या मराठी ख्रिस्ती घरात कुणाची झालीच तर ती डॉक्टरने सांगितलं म्हणून.

बाळाला विचारलं नाही, मग हे योग्य आहे का?

प्रामाणिक प्रश्न आहे आणि तो टाळून चालणार नाही. २०१२ मध्ये जर्मनीत कोलोनच्या कोर्टाने धार्मिक कारणाने केलेली सुंता म्हणजे शारीरिक इजा असं म्हटलं, ज्यू आणि मुसलमान दोघेही हादरले, आणि त्याच डिसेंबरात तिथल्या संसदेने परवानगी देणारा कायदा केला. काही ज्यू आईबापही आता न कापता नुसता नाव ठेवायचा विधी करतात, थोडे आहेत पण आहेत. माझं मत विचाराल तर मी ख्रिस्ती, माझ्यावर ही आज्ञा नाही, म्हणून ज्यांच्यावर आहे त्यांना मी शिकवायला जाणार नाही. मित्राला मी विचारलं होतं. तो म्हणाला, भाषा विचारून दिली का, आडनाव विचारून दिलं का? मला ते उत्तर पुरतं पटलं नाही, देहाची गोष्ट वेगळी असते, पण त्याच्या आवाजातला गंभीरपणा खरा होता.

बेने इस्रायल घरून सुंतेचं आमंत्रण आलं तर काय करायचं?

जायचं, आणि वेळेवर जायचं, सकाळची वेळ असते. पुरुषांनी डोकं झाकायचं, रुमाल चालतो. झाल्यावर 'मझल टोव', म्हणजे अभिनंदन, म्हणायचं. फोटो विचारल्याशिवाय काढायचा नाही. बऱ्याच घरी मलिदा करतात, भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वेलची आणि वर फळं, एलियाहू हन्नाबीचं नाव घेऊन वाटतात, तो दोन्ही हात पुढे करून घ्यायचा. आणि हॉलमध्ये कितीही गर्दी झाली, पाय दुखायला लागले आणि कापड टाकलेली ती एक खुर्ची रिकामी दिसली, तरी तिच्यावर बसायचं नाही.